परिवर्तनास अपात्र

एका सोमवारी आमच्या कार्यालयाच्या उपाहारगृहात, हात धुण्याच्या बेसिनच्या वर, हिरव्या अक्षरांतली एक पाटी लागली. तिच्यावर लिहिले होते : ‘आपले अधिकाधिक सहकारी वनस्पतिजन्य आहाराकडे वळत आहेत.’ खाली एका पानाचे चित्र होते. ते कोणत्या वनस्पतीचे, हे मला ओळखता आले नाही. माझ्या मते ते कोणत्याच वनस्पतीचे नव्हते.

आमचे कार्यालय वजनमापांचे आहे. दुकानातला किलो खरोखर किलोच आहे ना, हे आम्ही तपासतो. आमच्याकडची प्रमाण वजने आम्ही हाताने उचलत नाही, चिमट्याने उचलतो. कारण बोटाच्या ठशालाही वजन असते. अशा ठिकाणी ‘अधिकाधिक’ हा शब्द भिंतीवर लागावा, याचे मला नवल वाटले. अधिक म्हणजे किती? कशापेक्षा? मी जेवायला बसलेल्यांच्या ताटांवरून नजर फिरवली. सगळ्यांपुढे नेहमीप्रमाणे मांस होते. वनस्पती फक्त माझ्या डब्यात होती. आणि मी कुठूनही वळले नव्हते.

माझ्या वडिलांचे मांसाचे दुकान आहे आणि मला मांस आवडत नाही. यामागे तत्त्व, करुणा, प्रकृती किंवा पृथ्वीची काळजी असले काही नाही. कुणाला दोडका आवडत नाही, तसे. लहानपणी बाबांनी घासाचे विमान केले, घासाची आगगाडी केली. माझ्या तोंडाचे फाटक काही उघडले नाही. शेवटी आत्या म्हणाली, ‘‘दादा, तुझ्या पोटी बकरी जन्मली रे!’’ तेव्हापासून गिऱ्हाइकांनी विचारले की बाबा खालच्या आवाजात सांगत, ‘‘तिला पोटाचा त्रास आहे.’’

कार्यालयात तेच निराळ्या शब्दांत चालले होते. आमच्या हेडक्लार्कांनी पहिल्याच आठवड्यात माझे नाव सशाबाई ठेवले. मी डबा उघडला की ते लांबून ओरडत, ‘‘काय सशाबाई, आज कुणाच्या शेतात शिरलात?’’ मग सगळे हसत. हसून झाले की आपापल्या ताटाकडे वळत. वळणे म्हणजे एवढेच, असा माझा तोवर समज होता.

मी मनावर घेत नसे, कारण मी अजून कायम झाले नव्हते. उमेदवारीची मुदत संपत आली होती आणि मला ही नोकरी हवी होती. काचेच्या पेटीत ठेवलेला सूक्ष्म तराजू, श्वाससुद्धा जपून सोडावा लागणारी ती खोली, काटा स्थिर होईपर्यंतची ती शांतता. हे सोडून मला कुठेही जायचे नव्हते. कायम झाले नाही तर कुठे जायचे, हे मात्र ठरलेले होते. बाबांच्या दुकानात गल्ल्यामागचे स्टूल माझी वाट पाहत होते. त्यांनी त्याला नवी गादीही शिवून घेतली होती.

पाटी लावणाऱ्या कल्याण अधिकारीबाईंना मी जाऊन विचारले, ‘‘मॅडम, नक्की किती जण वळलेत?’’

‘‘वळलेत असं कुठं म्हटलंय? वळत आहेत.’’

‘‘मग किती जण वळत आहेत?’’

‘‘हे बघ, तू विज्ञान शिकलेली मुलगी. माणूस दुसऱ्याचं बघून वागतो, हे तुला मी सांगायला नको. आणि दुसरे काय करतात त्यापेक्षा, दुसरे काय करायला लागलेत हे सांगितलं, की तो पटकन हलतो. मागे राहायला कुणालाच आवडत नाही.’’

‘‘पण कुणी काही करायलाच लागलेलं नाही.’’

‘‘म्हणून तर पाटी लावली. सगळे करत असते तर पाटी कशाला लागली असती?’’

मी विचार केला. तर्कात मला चूक सापडली नाही, आणि हीच मला काळजीची बाब वाटली.

‘‘म्हणजे पाटी खोटी आहे.’’

‘‘खोटी नाही गं,’’ बाई समजुतीने म्हणाल्या, ‘‘जरा लवकर लागलीय.’’

त्यांचे म्हणणे खरे ठरायला फार वेळ लागला नाही. जो तो इतरांच्या ताटांत डोकावून ‘अधिकाधिक’ म्हणजे कोण, हे शोधू लागला. सरळ विचारायची सोय नव्हती. कारण जो विचारेल तो त्यांच्यातला नाही, हे उघड झाले असते. शेवटी हेडक्लार्कांना धीर धरवेना. ते वाडगाभर उकडलेला घेवडा घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, ‘‘सशाबा—ताई, जरा सरकता का?’’

मी सरकले. त्यांना पाहून रोखपाल आले. रोखपालांना पाहून आवक-जावकवाल्या बाई आल्या. बाईंना पाहून तीन निरीक्षक एकदमच आले, कारण तिघांपैकी कुणालाही तिसरे यायचे नव्हते. माझ्या कोपऱ्यातल्या टेबलाला दुसरे टेबल जोडावे लागले, मग तिसरे. ताटांतून मांस नाहीसे झाले.

नाहीसे झाले म्हणजे जिना चढून वर गेले. वरच्या मजल्यावर बाद झालेल्या तराजूंची खोली आहे. एकदा चहाच्या वेळेला मी तिथे एक जुना काटा शोधायला गेले, तर मालाच्या मोठ्या तराजूमागे हेडक्लार्क उकिडवे बसलेले. त्यांच्या तोंडात तंगडी होती.

‘‘मी वळतोय,’’ घास गालात सरकवून ते म्हणाले. ‘‘पण वळणावर गाडी हळूच घ्यावी लागते, ताई.’’

त्यांच्या पलीकडे, दुसऱ्या तराजूमागे, आणखी कुणीतरी चोखत असल्याचा आवाज येत होता. दोघांना एकमेकांचा पत्ता नसावा. मी दार हळूच ओढून घेतले.

खाली जेवताना मात्र गोष्टी रंगू लागल्या. कोण कसे वळले, पहिल्या दिवशी कुणाचे हात कसे थरथरले, कुणाच्या स्वप्नात कसा रस्सा येऊन उभा राहिला. रोखपालांच्या डोळ्यांत तर घेवड्याविषयी बोलताना पाणी आले. लोक मला शिकवू लागले. ‘‘कोबी असा घाईघाईने नाही खायचा, ताई,’’ आवक-जावकवाल्या बाई म्हणाल्या. ‘‘त्याच्याशी संवाद साधायचा.’’ मी जन्मभर कोबी खात आले होते आणि त्याच्याशी माझा एकदाही संवाद झाला नव्हता.

मग कुणीतरी सहज विचारले, ‘‘तुम्ही कधी वळलात हो?’’

‘‘मी वळले नाही,’’ मी म्हणाले.

चमचे थांबले.

‘‘म्हणजे... अजून नाही?’’

‘‘म्हणजे कधीच नाही. मी पहिल्यापासून...’’

पुढचे कुणी ऐकले नाही. दिवस मावळायच्या आत कार्यालयभर झाले की, ती विज्ञानवाली अजून वळलेली नाही. माझा डबा उघडा होता, त्यात कोबी होता. पण कोबीकडे कोण बघतो? दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क माझ्या टेबलावरून उठून पलीकडे जाऊन बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे पुटपुटले, ‘‘काही लोकांना काळाबरोबर चालायचंच नसतं, त्याला काय करणार!’’

इथवर गंमत होती. पण पाटीचे यश वरपर्यंत पोचले आणि वरून आदेश आला की, परिवर्तन मोजा. आम्ही मोजण्याचेच कार्यालय असल्याने आमच्याकडून अपेक्षाही तशाच होत्या. कल्याण अधिकारीबाईंच्या अध्यक्षतेखाली परिवर्तन कक्ष स्थापन झाला. सूत्र ठरले : आधीच्या मांसातून आताचे मांस वजा करायचे, उरलेल्याला आधीच्या मांसाने भागायचे, आलेल्या आकड्याचे टक्के करायचे. ही त्या कर्मचाऱ्याची घट. ज्याची घट समाधानकारक नाही त्याची बढती थांबेल आणि जो उमेदवारीवर आहे तो कायम होणार नाही.

मला कक्षापुढे बोलावणे आले. हेडक्लार्क सदस्य म्हणून बसले होते.

‘‘आधी किती खात होतात?’’ त्यांनी विचारले.

‘‘शून्य.’’

‘‘आणि आता?’’

‘‘शून्य.’’

‘‘म्हणजे तुमच्यात काहीच फरक पडलेला नाही,’’ ते खेदाने म्हणाले.

संगणकाला शून्य भागिले शून्य विचारण्यात आले. ‘गणन अशक्य’ असे त्याने प्रामाणिकपणे कळवले. शून्याने भागता येत नाही, हा संगणकाचा दोष नाही आणि माझाही नाही, हे मी फळ्यावर मांडून दाखवले. कक्षाने शांतपणे ऐकून घेतले. नंतर असे ठरले की ज्याचे गणन अशक्य, तो असहकार्य करतो असे धरावे. माझ्या नावापुढे ‘परिवर्तनास अपात्र’ असा शेरा पडला. हेडक्लार्कांची घट दहा टक्के भरली आणि त्यांना छातीवर लावायला हिरव्या पानाचे पदक मिळाले. तेच, कोणत्याच वनस्पतीचे नसलेले पान.

मला ही चूक दुरुस्त करायची होती, आणि इथे मी घाई केली. मी लेखी हरकत घेतली की वजनमापांच्या कार्यालयाने कुणाच्या तोंडी सांगण्यावर विश्वास ठेवणे अशास्त्रीय आहे. ‘आधीचे मांस’ प्रत्यक्ष तोलून घ्यायला हवे. मला वाटले, यातून निदान बाकीच्यांचे बिंग फुटेल. कक्षाला हरकत अतिशय पटली. त्यांनी आधार-सप्ताह जाहीर केला. या सप्ताहात प्रत्येकाने आपले ‘नेहमीचे’ मांस उपाहारगृहात, सर्वांसमक्ष, तोलून खायचे; तो त्याचा आधार. पुढची घट त्यावरून मोजायची. तराजू तपासून द्यायचे काम माझ्याकडे आले. मी तो चोख तपासून दिला.

सूत्र ज्याला कळते, त्याला पुढचे सांगायला नको. आधार जितका मोठा, घट तितकी मोठी. आवक-जावकवाल्या बाई घरून पातेले घेऊन आल्या. रोखपाल, ज्यांना दोन घासांत ढेकर येतो, ते पट्टा सैल करून तराजूपुढे रांगेत उभे राहिले. तीन निरीक्षकांनी एकमेकांवर नजर ठेवून खाल्ले आणि तिघांनाही एकाच दुपारी घरी पोचवावे लागले. पाटीखाली बसून, पाटीसाठी, आमचे कार्यालय आयुष्यात खाल्ले नव्हते इतके मांस खात होते.

बाबांना काही उमगेना. संध्याकाळी दुकानाची फळी धुता धुता ते म्हणाले, ‘‘पोरी, तुमच्या ऑफिसात चाललंय काय? येतात, म्हणतात आम्ही मांस सोडतोय. आणि दोन-दोन पिशव्या भरून नेतात!’’

मी त्यांना सूत्र समजावले. त्यांनी हातातले फडके फळीवर ठेवले.

‘‘म्हणजे जितकं जास्त खाल, तितकं जास्त सोडता येतं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी कधी खाल्लंच नाही, तर सोडू काय? माझा आधारच नाही, बाबा.’’

त्यांनी स्टुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता.

कल्याण अधिकारीबाईंना माझी दया आली. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, ‘‘अगं, एवढं काय डोक्याला लावून घेतेस? सप्ताह संपायच्या आत एक तुकडा खा. एकच! मग सोडून दे. एकातून शून्य गेलं, शंभर टक्के घट! अख्ख्या कार्यालयात पहिली येशील. तू कायम झालीस म्हणूनच समज.’’

घरी आईनेही तेच सांगितले. ‘‘खा की डोळे मिटून, औषध समजून. नोकरीसाठी लोक काय काय गिळतात!’’

मी प्रयत्न केला. बशीत तुकडा घेतला, चमचा हातात धरला, आणि चमचा खाली ठेवला. आई कपाळावर हात मारून घेणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘‘राहू दे. उद्याचा तुकडा मी घेऊन येतो. पोरीचा पहिला घास आहे, तो माझ्या हातचाच पाहिजे.’’

आईने पदराने डोळे पुसले. मला मात्र वाईट वाटले. इतकी वर्षे जे विमानाला आणि आगगाडीला जमले नाही, ते परिवर्तन कक्षाने करून दाखवले होते. आणि बाबा जिंकले होते. त्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. आईलासुद्धा आत घेतले नाही. आतून कुटल्याचा, चिरल्याचा आणि मध्येच स्वतःशी चिडल्याचा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाबा दुकानातला एप्रन तसाच लावून उपाहारगृहात आले. त्यांनी झाकण काढले. ताटात तुकडा होता : मोठा, हाडासकट, कडेला खरपूस, आतून लालसर. सगळे बघायला जमले. हेडक्लार्कांनी नाक पुढे करून दीर्घ श्वास घेतला. ‘‘मी वासावरून सांगतो,’’ ते म्हणाले, ‘‘एकदम कोवळं.’’

कल्याण अधिकारीबाईंनी तुकडा तराजूत ठेवला.

मी दुकानात तराजूशेजारी बसून शाळेचा अभ्यास केलेली मुलगी आहे. एवढा तुकडा किती भरतो, हे मला पाढ्यांसारखे पाठ आहे. आकडा जिथे थांबायला हवा होता, त्याच्या बराच अलीकडे थांबला. तराजू बिघडला म्हणावे, तर तो मी तपासला होता. बाबांनी मापात मारले म्हणावे, तर सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ. दोन्ही शक्यता बाद केल्यावर तिसरी उरली. मी दाराकडे पाहिले. बाबा तिथे उभे राहून छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखे काही नव्हते.

मी पहिला घास घेतला.

मसूर. अळंबी. लाली बिटाची. मीठ किंचित जास्त.

‘‘जमतंय ना?’’ बाईंनी काळजीने विचारले. मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. कक्षाने त्याची ‘परिवर्तनपूर्व वेदना’ अशी नोंद केली.

मी शेवटपर्यंत खाल्ले. ताटात हाड राहिले. बाई ते तोलून वजा करणार, एवढ्यात हेडक्लार्कांनी झडप घातली. ‘‘हे माझ्या आधारात धरा हो मॅडम!’’ असे म्हणत त्यांनी हाड दाताखाली धरले. कडकन आवाज झाला. बाबांनी छतावरची नजर काढली. हेडक्लार्क चावत राहिले, चावत राहिले, आणि मग त्यांनी डोळे मिटले.

‘‘वा!’’ ते म्हणाले. ‘‘याला म्हणतात माल! हाडसुद्धा कोवळं!’’

हाड मुळ्याचे होते.

जाताना जिन्यापाशी बाबांनी हळूच विचारले, ‘‘मीठ जास्त झालं का गं?’’

‘‘जरा.’’

‘‘मला कुठला अंदाज! जन्मात असलं कधी केलंय का मी?’’ त्यांनी एप्रनला हात पुसले. ‘‘आईला सांगू नकोस. तिला वाटतंय, तू सुधारलीस.’’

मी कायम झाले. माझी घट शंभर टक्के भरली, कार्यालयात पहिली. बेसिनच्या वर आता माझा फोटो आहे आणि खाली लिहिले आहे : ‘मी वळले. तुम्ही?’ लोक पुन्हा माझ्या टेबलावर येऊन बसतात आणि विचारतात, ‘‘ताई, सोडताना फार जड गेलं का हो?’’ मी म्हणते, ‘‘नाही, अपेक्षेपेक्षा हलकंच होतं.’’ हे मोजमापाला धरून आहे.

सप्ताहानंतर मी सवयीने सगळी बेरीज केली आणि बाईंकडे गेले. ‘‘मॅडम, पाटी लागल्यापासून कार्यालयात मांसाचा खप वाढलाय.’’

‘‘खप काय बघतेस? घट बघ, घट!’’ त्या म्हणाल्या. ‘‘एवढी घट आजवर कुणाची झाली नाही. आधार-सप्ताह आता आपण दर वर्षी घेणार आहोत.’’

हेडक्लार्क मात्र त्या हाडाने पुरते वेडे झाले. ते बाबांच्या दुकानात जाऊन ‘ताईंनी खाल्लं ते’ मागू लागले. बाबांनी कधी मापात मारले नाही, तसे मालाविषयी कधी खोटेही बोलले नाहीत. त्यांनी स्पष्ट सांगितले, ‘‘साहेब, तो मसूर आहे.’’ हेडक्लार्कांनी डोळा मारला. ‘‘कळलं. मसूरच द्या.’’ बाबांनी तसाच तुकडा करून दिला. ही खूण त्यांनी विश्वासाने रोखपालांना सांगितली, रोखपालांनी आवक-जावकवाल्या बाईंना. आता चहाच्या वेळेला बाद तराजूंच्या खोलीत एकेका तराजूमागे एकेक जण लपतो, दाराकडे कान ठेवतो आणि चोरून मसूर खातो. आमचे अधिकाधिक सहकारी वनस्पतिजन्य आहाराकडे वळत आहेत. पाटी खरी झाली आहे. फक्त वळणाऱ्यांना ते ठाऊक नाही.

माझ्या यशामुळे नव्या पाट्या लिहिण्याचे काम आता माझ्याकडे आले आहे. सरावासाठी एक इथेच लावते : ‘ही कथा वाचणारे अधिकाधिक वाचक, दुसऱ्याच्या ताटात बघून आपले ताट ठरवणे सोडत आहेत.’

तुम्ही सोडले का, असे मी विचारणार नाही. एवढेच सांगा, आधी किती बघत होतात? आकडा मोठा सांगा. घट चांगली दिसते.